पाळीव कासव (बारामती व इंदापूर परिसर)

पाळीव कासव म्हणजे हौसेसाठी, शोभेसाठी किंवा शुभ मानून घरात, हौदात अथवा विहिरीत ठेवलेले कासव. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके नद्या, कालवे, शेततळी आणि उजनी जलाशय यांमुळे कासवांचे नैसर्गिक वसतिस्थान आहेत. त्यामुळे येथे 'पाळीव कासव' या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी येतात. एक म्हणजे पाण्यातून, जाळ्यातून वा रस्त्यावरून उचलून आणलेले देशी कासव. दुसरी म्हणजे शोभिवंत माशांच्या दुकानातून विकत घेतलेले परदेशी कासव. पहिला प्रकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. दुसरा प्रकार सर्रास चालतो. मात्र विकत घेतलेले पिल्लू पुढे मोठे झाल्यावर त्याच नद्या-तळ्यांत सोडले जाते आणि तेथील देशी कासवांच्या मुळावर येते. यास्तव या परिसरात कासव कोठून घ्यावे, हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या सोयीचा राहत नाही.

परिसर व येथील देशी कासवे

कऱ्हा नदी पुरंदर तालुक्यातून बारामतीत येते व सोनगावजवळ नीरेस मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. नीरा डावा कालवा आणि त्याच्या चाऱ्या या दोन्ही तालुक्यांतील उसाच्या पट्ट्याला पाणी पुरवतात. सोलापूर जिल्ह्यातील उजनी येथे भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाचा फुगवटा, म्हणजेच यशवंतसागर, इंदापूर तालुक्याची उत्तर व पूर्व बाजू व्यापतो. भिगवण, कुंभारगाव, डाळज ही जलाशयाच्या काठची गावे रोहित पक्ष्यांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच उथळ, गाळयुक्त पाण्यात कासवेही राहतात. पक्ष्यांसाठी येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही, इतकेच.

या पाण्यात सर्वांत जास्त नजरेस पडते ते फ्लॅपशेल कासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. याची पाठ गुळगुळीत व कातडीने झाकलेली असते. पोटाच्या बाजूला मागील पायांजवळ कातडीच्या दोन झडपा असतात व पाय आत ओढले की त्या मिटतात. नाव त्यावरूनच पडले. पाणी आटले की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते किंवा दुसऱ्या पाण्याच्या शोधात जमिनीवरून चालू लागते. पावसाच्या सुरुवातीला बांधावर, उसाच्या सरीत किंवा डांबरी रस्त्यावर सापडणारे कासव बहुधा हेच असते. ते हरवलेले नसते. ते आपल्या वाटेने निघालेले असते.

दुसरे महत्त्वाचे कासव म्हणजे लीथचे मऊ पाठीचे कासव, शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथाय. हे आकाराने बरेच मोठे होते. पाठीची लांबी ६० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी दिसणारी गोल चिन्हे असतात व वयाबरोबर ती पुसट होतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली या जातीचे प्रथम वर्णन केले, ते पुण्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून. मुंबईतील वैद्यक अँड्र्यू लीथ यांचे नाव तिला देण्यात आले. जगात ही जात केवळ भारतीय द्वीपकल्पातील नद्या व जलाशयांत आढळते, आणि जिची ओळख विज्ञानाला पुण्याच्या नमुन्यांवरून झाली ती आज अतिसंकटग्रस्त वर्गात मोडते. मांसासाठी व कवचाच्या कडेच्या कूर्चेसाठी झालेल्या शिकारीमुळे गेल्या तीस वर्षांत तिची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या साइट्स कराराच्या एकोणिसाव्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून या कासवाला परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे अशा जातींत, स्थान मिळाले.

यांखेरीज कठीण पाठीचे काळे कासव, शास्त्रीय नाव मेलानोकेलिस ट्रायजुगा, महाराष्ट्रातील ओढे, विहिरी व तळ्यांत आढळते. पाठीवरील तीन उभ्या कण्यांवरून ते ओळखू येते. पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव मात्र या परिसराचे नव्हे. त्याचे मूळ ठिकाण वायव्य भारत, दक्षिणेतील आंध्र प्रदेश, कर्नाटक व तामिळनाडूचा कोरडा प्रदेश आणि श्रीलंका हे होय. बारामती वा इंदापुरात ते दिसले, तर कोणी तरी आणलेले आहे असेच समजावे.

समजुती

कासवाला महाराष्ट्राच्या धर्मजीवनात मोठे स्थान आहे. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. बारामतीहून फार दूर नसलेल्या जेजुरीच्या गडावर खंडोबाच्या देवळापुढे पितळी पत्र्याने मढवलेले भव्य कासव आहे व भाविक त्यावर भंडारा उधळतात. कासवी आपल्या पिल्लांना दूध न पाजता केवळ नजरेने वाढवते, ही कल्पना संतवाङ्मयात वारंवार येते. कल्पना म्हणून ती फार सुंदर आहे. प्रत्यक्षात मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्ले आपल्या बळावर बाहेर पडतात.

विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, असा समज ग्रामीण भागात जुना आहे. कासव मेलेले मासे, किडे, शेवाळ खाते हे खरे. पण काँक्रीटच्या कड्या उतरवलेल्या वा सरळ बांधलेल्या विहिरीत त्याला ऊन खाण्यास व अंडी घालण्यास कोरडी जागा मिळत नाही. त्याची विष्ठाही त्याच पाण्यात मिसळते.

याहून घातक समज म्हणजे वीस नखांच्या कासवाने धनलाभ होतो हा. या भ्रमापायी कासवांची चोरटी खरेदी-विक्री होते आणि महाराष्ट्रात अशा टोळ्या वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायावर तीनच नखे असतात, म्हणजे एकूण बारा. तारा कासव, काळे कासव व परदेशी स्लायडर यांना पुढील पायांवर पाच व मागील पायांवर चार, म्हणजे अठरा असतात. विसाचा हिशोब लागत नाही. पैशाचा पाऊस पाडण्याच्या नावाखाली फसवणूक झाल्यास वन्यजीव कायद्याबरोबरच महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

वास्तुशास्त्र व फेंगशुई यांच्या प्रसारामुळे शहरांप्रमाणेच तालुक्याच्या ठिकाणीही काचेच्या भांड्यातील जिवंत कासव भेट देण्याची चाल पडली आहे. धातूचे वा दगडाचे कासव त्या श्रद्धेला पुरेसे असते, हे विक्रेता सांगत नाही.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ९ नुसार संरक्षित प्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. कलम ३९ नुसार वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. तो कोणत्याही मार्गाने ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास वा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. 'विकत घेतले नाही, सापडले', 'मासे धरताना जाळ्यात आले', 'आजोबांपासून विहिरीत आहे' या सबबी त्यामुळे टिकत नाहीत. जुन्या काळापासून ताब्यात असलेल्या वन्य प्राण्यांची माहिती देण्यासाठी २००३ साली एकदा १८० दिवसांची मुदत देण्यात आली होती. ती केव्हाच संपली.

अधिनियमात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. फ्लॅपशेल, लीथचे कासव व तारा कासव ही तिन्ही आता सर्वोच्च संरक्षणाच्या अनुसूची एकमध्ये आहेत. या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

या फेरबदलामुळे एक गोंधळ उत्पन्न झाला आणि विक्रेत्यांना तो सोयीचा ठरतो. तारा कासव व लीथचे कासव जुन्या कायद्यात अनुसूची चारमध्ये, म्हणजे तुलनेने सौम्य संरक्षणाखाली होते. नव्या कायद्यातील अनुसूची चार सर्वस्वी वेगळी आहे. साइट्स कराराच्या परिशिष्टांतील परदेशी जातींची ती यादी असून त्या नोंदणी करून बाळगता येतात. 'हे अनुसूची चारचे आहे, नोंद केली की झाले' असे तारा कासवाविषयी कोणी सांगितल्यास तो जुन्या यादीला नवा नियम जोडत असतो. तारा कासवाची नोंदणी करून ते घरी पाळता येईल, असा कोणताही मार्ग सामान्य नागरिकास उपलब्ध नाही. साइट्समध्येही ते २०१९ पासून परिशिष्ट एकमध्ये आहे.

नव्या अनुसूची चारमधील परदेशी प्राण्यांसाठी केंद्र शासनाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सजीव प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू केले. त्यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावयाची असते. प्राण्याचे हस्तांतरण, पिल्लांचा जन्म व मृत्यू हेही कळवावे लागते. आफ्रिकेतील सुलकाटा हे जमिनीवरचे कासव या नियमांखाली येते. तळहाताएवढे असताना ते गोंडस दिसते. पुढे त्याचे वजन ४० किलोंच्या वर जाते व आयुष्य मनुष्याच्या आयुष्याइतके असू शकते. ते घेणाऱ्याने आपल्यानंतर त्याचा सांभाळ कोण करणार, हे आधीच ठरवावे लागते.

दुकानांसाठी पाळीव प्राणी दुकान नियम, २०१८ आहेत. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली ते केलेले असून, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पाळीव प्राण्यांचे दुकान चालवता येत नाही.

रेड इअर्ड स्लायडर

दुकानात 'कासवाचे पिल्लू' म्हणून जे हिरवेगार, नाण्याएवढे पिल्लू मिळते ते बहुधा रेड इअर्ड स्लायडरचे असते. डोळ्यामागील लाल पट्ट्यावरून हे नाव पडले. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्यालगतचा मेक्सिकोचा ईशान्य भाग हे त्याचे मूळ ठिकाण. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कासवशेतीतून १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक स्लायडर जगभर निर्यात झाले. खुद्द अमेरिकेत मात्र साल्मोनेला जंतूंमुळे मुले आजारी पडू लागल्याने चार इंचांहून लहान कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत हे कासव आहे.

भारतात सजीव परदेशी प्राण्यांच्या आयातीस परवाना लागतो. तरीही मुंबई, चेन्नई येथील विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात कोंबलेली स्लायडरची पिल्ले पकडली जातात. तालुक्याच्या दुकानातील पिल्लू या मार्गाने आले की देशातच जन्मले, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे विक्रेत्याकडील कागद, आणि तो बहुतेक वेळा नसतो.

'ही जात एवढीच राहते' असे पिल्लू विकताना सांगण्याची पद्धत आहे. ते असत्य आहे. मादीची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर थोडा लहान राहतो आणि नीट सांभाळल्यास कासव २० ते ३० वर्षे व त्याहूनही अधिक जगते. पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकते. बहुतेक घरांत तसे होत नाही, कारण चार-पाच वर्षांत टाकी अपुरी पडते, पाण्याचा वास येऊ लागतो आणि एके दिवशी कासव 'मोकळे' केले जाते. केरळातील त्रिशूर येथे २०१८ साली कालव्यात स्लायडर सापडल्यावर केरळ वन संशोधन संस्थेने त्यांचा शोध हाती घेतला. त्याच वर्षी गुवाहाटीतील उग्रतारा देवळाच्या तळ्यात व दीपोर बील या पाणथळीतही त्यांची नोंद झाली. देवाच्या तळ्यात सोडणाऱ्याची भावना पुण्याचीच असते. तळ्याला त्याने फरक पडत नाही.

उजनीच्या काठच्या लोकांना परका जीव पाण्यात शिरला की काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. चिलापी माशाने जलाशयात जम बसवल्यावर स्थानिक मासळीचे काय झाले, ते मच्छीमारांनी पाहिलेले आहे. स्लायडर सर्वभक्षी व चिवट आहे. ऊन खाण्याच्या जागा, अन्न व अंडी घालण्याची काठावरची जमीन यांसाठी तो देशी कासवांशी स्पर्धा करतो आणि बंदिवासातील रोग सोबत नेतो. नव्या कलम ६२अ नुसार आक्रमक परदेशी जातींची आयात, व्यापार, ताबा व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळालेला आहे.

कासव कोठून घ्यावे

वरील सर्व गोष्टी लक्षात घेता, कासव पाळावयाचेच असे ठरवलेल्या कुटुंबासमोर मार्ग थोडेच उरतात. नदी, कालवा, विहीर, जाळे, आठवडे बाजार, रस्त्याकडेचा विक्रेता, ओळखीचा मच्छीमार हे सारे वर्ज्य. समाजमाध्यमांवर कासवाचे छायाचित्र टाकून 'घरपोच' देणाऱ्याकडून घेणेही धोक्याचे आहे. तो प्राणी कोणत्या जातीचा येईल याची शाश्वती नसते. शिवाय पार्सलाच्या खोक्यात जिवंत प्राणी पाठवणे हीच क्रूरता होय.

सर्वांत योग्य मार्ग म्हणजे आधीच कोणाच्या तरी घरात असलेला व आता नकोसा झालेला प्रौढ स्लायडर दत्तक घेणे. शिक्षण, नोकरी वा बदलीमुळे गाव सोडणाऱ्या कुटुंबांत, शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, शोभेच्या टाक्या असलेल्या कार्यालयांत व पुण्यातील प्राणिमित्र संस्थांकडे अशी कासवे असतात. अशाने नवीन पिल्लाची मागणी वाढत नाही आणि एक कासव कालव्यात जाण्यापासून वाचते. घेणाऱ्याचाही फायदाच असतो. प्रौढ कासवाचा आकार, स्वभाव व खाण्याच्या सवयी डोळ्यांसमोर असतात, आणि अगदी लहान पिल्लांच्या मानाने ते काटक असते. बऱ्याचदा टाकी, फिल्टर व दिवाही सोबत मिळतो. देणाऱ्याकडून कासव केव्हा व कोठून घेतले, काय खाते, कधी आजारी होते, याची साधी लेखी नोंद मागून घ्यावी.

दुकानातूनच घ्यावयाचे असल्यास नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, जातीचे नाव लिहिलेली पावती घ्यावी आणि प्राणी कोठून आणला हे विचारावे. या तीन गोष्टींना टाळाटाळ झाली तर तेथून परतणे श्रेयस्कर. एकाच भांड्यात डझनावारी पिल्ले, त्यांतच एखादे मेलेले, हिरवट पाणी, कोरडी जागा नाही, दिवा नाही, असे दृश्य असल्यास दयेपोटीही एखादे पिल्लू विकत घेऊ नये. रिकाम्या झालेल्या जागी दुसरे पिल्लू येते. दुकानात तारा कासव वा फ्लॅपशेल दिसल्यास वनविभागाला कळवणे हाच त्या प्राण्याला वाचवण्याचा उपाय आहे.

निरोगी कासवाची लक्षणे

निरोगी जलकासव हातात घेतले असता त्याच्या आकाराच्या मानाने जड लागते आणि पाय जोराने झाडते किंवा डोके चटकन आत ओढते. मरगळून लोंबणारे कासव शांत नसते, आजारी असते. डोळे उघडे व स्वच्छ असावेत. सुजलेल्या, मिटलेल्या पापण्या बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या निदर्शक असतात. केवळ वाळलेल्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लांत त्या हमखास दिसतात. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे व पोहताना शरीर एका बाजूस कलणे ही फुप्फुसाच्या विकाराची चिन्हे होत. त्यामुळे कासव पाण्यात सोडून काही वेळ पाहिल्याशिवाय घेऊ नये.

स्लायडरची पाठ टणक असावी. अगदी कोवळ्या पिल्लात ती किंचित लवचीक असते, पण वाढत्या कासवाची पाठ दाबली असता दबत असेल, तर कॅल्शियम व ऊन यांची उपासमार झालेली आहे. पाठीवर वा पोटावर दुर्गंधी येणारे, खरवडल्यास निघणारे पांढरे-राखाडी डाग म्हणजे कवच कुजण्याचा रोग. अंग वाढत असताना जुन्या खवल्यांचे पातळ पापुद्रे निघणे मात्र स्वाभाविक आहे. शक्य असल्यास समोर खाऊ घालून पाहावे. भूक ही सर्वांत खरी साक्ष.

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतात. टाकीला वा कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व आजारी वृद्ध यांनी कासव हाताळू नये. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराने कासवाचा विचार काही वर्षे पुढे ढकलावा हे उत्तम.

निगा

जलकासवाला पाठीच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी लागते, असा ढोबळ हिशोब आहे. दहा इंचांच्या मादीला म्हणजे ४०० लिटर. दुकानातील प्लॅस्टिकच्या माडाचे झाड असलेल्या वाडग्यात जेमतेम दीड-दोन लिटर मावते. बारामती-इंदापूरच्या घरांत अंगण, गच्ची व सिमेंटचा हौद असतो, ही शहरी सदनिकेपेक्षा मोठी सोय आहे. हौदाला उतार, पूर्णपणे कोरडी होता येईल अशी जागा, मांजर-कुत्रे व घार यांपासून रक्षण करणारी जाळी आणि निदान निम्म्या भागावर सावली हवी. येथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो व उथळ, उघड्या हौदातील पाणी दुपारी इतके तापते की कासव त्यात मरू शकते.

घरात ठेवल्यास यूव्हीबी किरणांचा दिवा आवश्यक असतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ही किरणे जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे टाकी खिडकीशी ठेवली म्हणजे भागले असे होत नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस व ऊन खाण्याची जागा त्याहून गरम, ३० अंशांच्या वर असावी. हिवाळ्याच्या रात्री वीज गेल्यास टाकी पोत्याने झाकून ऊब धरावी. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून वापरणे चांगले.

पिल्लांना मांसाहार अधिक लागतो, वय वाढेल तसा पाला वाढवावा. खाद्याच्या चांगल्या गोळ्या, गांडुळे, हाडांसकट लहान मासे, शेवग्याचा पाला व पाणवनस्पती असा मिश्र आहार मानवतो. भात, चपाती, पाव, दूध व फरसाण देऊ नये. मादी नराशिवायही अंडी धरते. तिला खणण्यास माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

औषधांच्या बाबतीत एक इशारा या दूधउत्पादक पट्ट्यात विशेष महत्त्वाचा आहे. गोठ्यात जंत-गोचिडांसाठी वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी असून त्याने पक्षाघात व मृत्यू होतो. गुरांसाठी आणलेले औषध कमी मात्रेत कासवास देणे हा उपचार नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले पशुवैद्य पुण्यात मिळतात. नीरेकाठी शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कासव आणण्यापूर्वीच वैद्याची चौकशी करून ठेवावी.

कासव नकोसे झाल्यास अथवा सापडल्यास

पाळलेले परदेशी कासव नदी, कालवा, शेततळे, विहीर वा देवळाचे कुंड यांत सोडू नये. शेततळे बंदिस्त वाटते, पण स्लायडर चढून बाहेर येतो आणि पावसात ओढ्याला लागतो. दुसरे घर शोधावे किंवा प्राणिमित्र संस्थेशी संपर्क करावा. दत्तक देताना पैसे घेतले नाहीत तरी घेणाऱ्याची जागा पाहूनच कासव द्यावे.

देशी कासव आधीच घरात वा विहिरीत असल्यास ते गुपचूप दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडण्याऐवजी वनविभागाच्या स्वाधीन करणे योग्य होय. अनेक वर्षे बंदिवासात राहिलेल्या कासवाची तपासणी होणे आवश्यक असते. बारामती व इंदापूर येथे वनपरिक्षेत्र कार्यालये आहेत, आणि महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक राज्यभर चालतो. पुण्यात बावधन येथे वनविभाग व रेस्क्यू या संस्थेच्या सहकार्याने वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र आहे.

रस्ता ओलांडणारे धडधाकट कासव ज्या दिशेने निघाले होते त्याच बाजूला कडेला ठेवावे. घरी नेऊ नये. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते व ते कडकडून चावते, म्हणून त्याला पाठीच्या मागील कडेने दोन्ही हातांनी धरावे. जखमी कासव ओलसर गोणपाट अंथरलेल्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवावे. पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवल्यास अशक्त कासव बुडते, कारण ते फुप्फुसांनीच श्वास घेते. जाळ्यात अडकलेल्या कासवांचेही असेच होते: तंगूसचे जाळे रात्रभर पाण्यात राहिले की सकाळी त्यातील कासव मेलेले निघते. जाळे लवकर तपासून जिवंत कासव तेथल्या तेथे सोडणारे मच्छीमार लीथच्या कासवासाठी जे करतात, त्याला कोणतीही नोंदणी वा परवाना लागत नाही.